सभासदांचा क्लब, चेअरमनचा उन्हाळा

१५ मे २०२४. बार्सिलोनाचा प्रशिक्षक झावी दुसऱ्या दिवशीच्या अल्मेरियाविरुद्धच्या सामन्याआधी पत्रकारांपुढे बसला होता. पुढच्या हंगामाचा विषय निघाला तेव्हा त्याने सांगून टाकलं, की क्लबची आर्थिक स्थिती अवघड आहे, रेआल माद्रिद आणि युरोपातल्या इतर बड्या क्लबांशी बरोबरी करणं सोपं नाही, आणि चाहत्यांनी हे समजून घेतलं पाहिजे. यात नवं काहीच नव्हतं. क्लबच्या वार्षिक अहवालात तेच छापलेलं होतं. पण नऊ दिवसांनी झावीला काढून टाकलं. महिन्याभरापूर्वीच, २५ एप्रिलला, अध्यक्ष जुआन लापोर्ता यांनी त्याला शेजारी बसवून ‘हा राहतोय’ असं जाहीर केलं होतं. मधल्या काळात काय बिघडलं? स्पेनमधल्या बातम्यांनी मुख्य कारण हे दिलं: त्या पत्रकार परिषदेतलं बोलणं अध्यक्षांना झोंबलं.

म्हणजे खातेवही ज्याने लिहिली नाही त्याने ती फक्त मोठ्याने वाचली, आणि नोकरी त्याचीच गेली.

झावी पहिला नव्हता. त्याच्या आधीचा रोनाल्ड कोमान सप्टेंबर २०२१ मध्ये पत्रकारांसमोर एक कागद घेऊन आला, निवेदन वाचून दाखवलं आणि एकही प्रश्न न घेता उठून गेला. निवेदनाचा आशय तोच होता. क्लब उभारणीच्या काळातून जातोय, पैशांची अडचण मैदानावरच्या खेळाला जोडलेली आहे, धीर धरा. पाच आठवड्यांनी रायो वायेकानोकडून १-० अशी हार झाली आणि त्याच रात्री कोमानची नोकरी गेली.

फुटबॉलवर बोलताना आपण प्रशिक्षकावर फार बोलतो. कुणाला खेळवलं, कुणाला बसवलं, बदली खेळाडू उशिरा का उतरवला. उन्हाळ्यातल्या खेळाडूंच्या खरेदी-विक्रीकडे मात्र आपण पावसाकडे बघावं तसं बघतो: येईल तेव्हा येईल, आपल्या हातात काय आहे! बार्सिलोनाची गेली काही वर्षं पाहून माझं मत उलट झालंय. दर जून-ऑगस्टमधला तो गोंधळ आभाळातून पडत नाही, कार्यालयात तयार होतो. निवडून आलेल्या अध्यक्षाला तो सोयीचाही असतो, कारण जोवर ‘कोण येणार’ ही चर्चा चालू आहे तोवर ‘पैसे कुठून आणले’ हा प्रश्न मागे पडतो. आणि हंगाम फसला की खापर फोडायला एक डोकं तयारच असतं.

बार्सिलोना कुठल्या शेखाचा किंवा अमेरिकी फंडाचा क्लब नाही. लाखाहून अधिक सभासद त्याचे मालक. ते वर्गणी भरतात, मत देऊन अध्यक्ष निवडतात, सर्वसाधारण सभेत जमाखर्च मंजूर होतो. सांगली-कोल्हापूरकडच्या माणसाला हे फोड करून सांगावं लागत नाही. आपल्याकडे याला साखर कारखाना म्हणतात. अध्यक्ष म्हणजे चेअरमन. त्याचं पॅनेल, समोरचं पॅनेल, निवडणुकीआधीच्या घोषणा, निकालानंतरचा गुलाल, सगळं ओळखीचं. कार्यकारी संचालक हा पगारी माणूस. उतारा चांगला पडला तर चेअरमनच्या दूरदृष्टीचं कौतुक, बॉयलर बंद पडला तर एमडी बदला. बार्सामध्ये हा एमडी म्हणजे प्रशिक्षक.

सहकारावर माझा राग नाही, उलट जीव आहे. सभासदांच्या मालकीचा क्लब कुणी रातोरात विकू शकत नाही, दुसऱ्या गावी नेऊ शकत नाही. पण या रचनेत एक जुनं दुखणं आहे. चेअरमनला पुढच्या निवडणुकीपर्यंतच दिसतं. कर्ज मात्र त्याच्या कितीतरी पुढे जातं.

खड्डा कसा पडला ते थोडं तपशिलात पाहू, कारण आपल्या चर्चेत हा भाग नेहमी गाळला जातो. ऑगस्ट २०१७ मध्ये पॅरिस सेंट जर्मेनने २२ कोटी २० लाख युरो मोजून नेमारला नेलं. इतका पैसा एकदम हातात आला, शिवाय चाहते चिडलेले. तेव्हाचे अध्यक्ष जोसेप मारिया बार्तोमेउ यांना लवकरात लवकर मोठं नाव आणून दाखवायचं होतं. समोरच्या क्लबांना ठाऊक होतं की गिऱ्हाईक गरजू आहे आणि खिसा भरलेला आहे. उस्मान देम्बेलेसाठी १० कोटी ५० लाख युरो आणि वर कामगिरीनुसार वाढीव रक्कम. पाच महिन्यांत फिलिपे कुतिन्योसाठी १२ कोटी आणि वर तसंच काही. २०१९ मध्ये आंत्वान ग्रीझमान, पुन्हा १२ कोटी. एका नेमारची जागा भरायला तिघे आणले आणि जागा रिकामीच राहिली. पगार तेवढे वाढत गेले.

मग २०२० च्या जूनमधली ती अदलाबदल. आर्थर इटलीच्या युव्हेंटस क्लबला ७ कोटी २० लाखांना विकला, मिरालेम पियानिच त्यांच्याकडून ६ कोटींना घेतला. आर्थर तेव्हा २३ वर्षांचा, पियानिच तिशीचा. फुटबॉलच्या नजरेने हा व्यवहार कळत नाही, हिशेबाच्या नजरेने लगेच कळतो. आर्थिक वर्ष ३० जूनला संपतं. खेळाडू विकला की नफा त्याच वर्षात पूर्ण दाखवता येतो, विकत घेतलेल्याची किंमत मात्र कराराच्या वर्षांत वाटली जाते. म्हणजे दोन्ही क्लबांनी एकमेकांना खेळाडू दिले आणि दोघांच्याही वह्या जूनअखेर गोऱ्यागोमट्या दिसल्या. पुढे आलेल्या कोमानने पियानिचला फारसं खेळवलंच नाही. खेळवणार तरी कसा? तो संघासाठी आणलेलाच नव्हता, रकान्यासाठी आणला होता.

त्या एका वर्षात बार्साने तीन प्रशिक्षक पाहिले. संघ ला लीगात, म्हणजे स्पेनच्या अव्वल साखळी स्पर्धेत, पहिल्या स्थानावर असताना जानेवारीत एर्नेस्तो व्हाल्व्हेर्देला काढलं. त्याच्या जागी आलेला किके सेतिएन ऑगस्टमध्ये लिस्बनला बायर्नकडून ८-२ असा मार खाऊन गेला. मग कोमान. बार्तोमेउ यांनी अविश्वास ठरावाला सामोरं जाण्याआधी ऑक्टोबरअखेर राजीनामा दिला. कोरोनाच्या साथीने स्टेडियम रिकामं केलं हे खरं, पण साथ सगळ्यांनाच होती.

मार्च २०२१ मध्ये लापोर्ता निवडून आले. ऑगस्टमध्ये त्यांनी आकडे मांडले: १३५ कोटी युरोंचं कर्ज, आणि पगारावरचा खर्च एकूण उत्पन्नाच्या १०३ टक्के. शंभर रुपये कमवायचे आणि एकशे तीन रुपये नुसते पगारात द्यायचे. वीज, प्रवास, गवत, व्याज सगळं त्याच्या वर. त्याच महिन्यात मेस्सी रडत रडत क्लब सोडून गेला. बचावपटू पिकेने स्वतःचा पगार कमी करून घेतला तेव्हा कुठे मेम्फिस डिपाय आणि एरिक गार्सिया यांची लीगकडे नोंदणी झाली. खरेदी-विक्रीची खिडकी बंद होण्याच्या शेवटच्या दिवशी ग्रीझमान उसनवारीवर आतलेतिको माद्रिदला परत गेला आणि कोमानच्या हाती सेव्हियाहून उसना आणलेला लूक डी योंग पडला. अशा संघावरून कोमानला जोखलं गेलं. तो थोर प्रशिक्षक होता असं मी म्हणत नाही. पण त्याच्या चुका शोधायला आधी त्याला बरोबर असण्याची संधी मिळायला हवी होती.

इथे ला लीगाच्या त्या नियमाकडे यावं लागतं, ज्याला बार्साचे चाहते सकाळ-संध्याकाळ शिव्या घालतात. २०१३ पासून प्रत्येक क्लबला खेळाडूंवरच्या खर्चाची मर्यादा ठरवून दिली जाते. उत्पन्नातून इतर खर्च आणि कर्जाचे हप्ते वजा करून जे उरेल ते पगारावर घाला. मर्यादा ओलांडली असेल तर नवा खेळाडू विकत घ्यायला कुणी अडवत नाही, त्याची नोंदणी मात्र होत नाही. फोटो काढा, जर्सी विका, पण मैदानात उतरवू नका. लीगचे अध्यक्ष हावियर तेबास हे माद्रिदधार्जिणे आहेत, बार्साचे वैरी आहेत, असं ऐकत ऐकत मी मोठा झालो म्हटलं तरी चालेल.

माझ्या मते हा नियम बार्सावर झालेला उपकार आहे. तो का आला ते आठवा. त्याआधी स्पेनमधले क्लब कराची थकबाकी ठेवून आणि खेळाडूंचे पगार अडवून तारे आणत होते. देपोर्तिवो ला कोरुन्या २००० साली ला लीगा जिंकलेला क्लब. २०१३ मध्ये तो दिवाळखोरीच्या दारात गेला आणि २०२० मध्ये थेट तिसऱ्या स्तरावर घसरला. आपल्याकडे गंज चढलेली चिमणी आणि बंद फाटक दाखवणारे कारखाने आहेत, तसंच ते. ला लीगाचा नियम नसता तर २०२१ च्या उन्हाळ्यात लापोर्ता यांनी काहीही करून मेस्सीला ठेवलं असतं, गुलाल उधळला गेला असता, आणि पुढचं बिल अजून मोठं आलं असतं.

पण नियमालाही पळवाट असते, आणि ती शोधणारा माणूस हुशार असतो. मार्च २०२२ मध्ये बार्साची मर्यादा जाहीर झाली ती उणे होती: उणे १४ कोटी ४० लाख. हातात झावी, जो नुकताच कतारहून आणलेला. मग उन्हाळ्यात निघाल्या त्या प्रसिद्ध ‘पालांका’, म्हणजे पहारी. अडकलेला दगड पहारीने उचलावा तसं अडकलेलं बजेट उचलायचं. ३० जूनला, पुन्हा तीच तारीख, ला लीगाच्या टीव्ही हक्कांतल्या उत्पन्नाचा १० टक्के वाटा सिक्स्थ स्ट्रीट या अमेरिकी कंपनीला २५ वर्षांसाठी विकला, २० कोटी ७५ लाखांना. जुलैत आणखी १५ टक्के. ऑगस्टमध्ये बार्सा स्टुडिओज या क्लबच्याच दृकश्राव्य निर्मिती कंपनीचे दोन तुकडे, प्रत्येकी १० कोटींना. या पैशातून लेव्हांडोव्स्की, राफिन्या, जूल कुंदे आले. सप्टेंबरमध्ये मर्यादा जाहीर झाली ६५ कोटी ६० लाख. पुढच्या सप्टेंबरमध्ये ती २७ कोटींवर होती. उसाचं पीक नव्हतंच ते. पुढच्या पंचवीस हंगामांच्या उसावर काढलेली उचल होती, आणि ती एका हंगामात खर्च झाली.

यातली गंमत बघा. आदल्याच वर्षी ला लीगाने सीव्हीसी या फंडाशी करार आणला होता. क्लबांनी टीव्ही उत्पन्नाचा एक छोटा हिस्सा ५० वर्षांसाठी द्यायचा आणि रोख घ्यायची. बार्साने नाही म्हटलं. लापोर्ता म्हणाले, पन्नास वर्षं क्लब गहाण टाकायचा मला अधिकार नाही. मी तेव्हा टाळ्या वाजवल्या होत्या. वर्षभरात त्यांनीच पाव हिस्सा पाव शतकासाठी विकला. स्टुडिओच्या तुकड्यांचे पैसे तर ठरल्याप्रमाणे पुरते आलेच नाहीत, आणि २०२३-२४ च्या हिशेबात त्या कागदी किमतीला कात्री लावावी लागली. ते वर्ष ९ कोटी १० लाखांच्या तोट्यात संपलं. झावीची ती पत्रकार परिषद याच वर्षातली.

सभासदांनी ठराव मंजूर केला होता, हे खरं. पण सर्वसाधारण सभेत ठराव कसे मंजूर होतात हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता प्रशिक्षकाच्या जागी बसून ऑगस्ट बघा. २०२२ च्या पहिल्या सामन्याच्या आदल्या दिवशी, १२ ऑगस्टला, शेवटचा तुकडा विकला गेला तेव्हा लेव्हांडोव्स्कीची नोंदणी झाली. कुंदे तरीही राहिला. पहिले दोन सामने त्याने कडेला बसून पाहिले. २०२४ मध्ये झावीच्या जागी हान्सी फ्लिक आला. त्याला लायप्झिगहून दानी ओल्मो मिळाला, ५ कोटी ५० लाखांचा. ओल्मोलाही पहिले दोन सामने बाहेर बसावं लागलं. तिसऱ्या सामन्यात तो आला आणि विजयी गोल करून गेला. आला कसा? अँड्रियास क्रिस्टेन्सन जखमी झाला म्हणून. दीर्घकाळ जखमी असलेल्या खेळाडूच्या पगाराचा ८० टक्क्यांपर्यंत भाग दुसऱ्याच्या नोंदणीला वापरता येतो. तीसुद्धा फक्त डिसेंबरअखेरपर्यंत. १ जानेवारी २०२५ ला ओल्मो पुन्हा कागदोपत्री नाहीसा. मग अजून बांधून न झालेल्या काम्प नोउ स्टेडियममधल्या ४७५ व्हीआयपी जागांचे हक्क १० कोटींना विकले, लीग आणि फुटबॉल महासंघाने तरीही नकार दिला, आणि शेवटी स्पेनच्या सरकारी क्रीडा परिषदेने तात्पुरती परवानगी दिली. सौदी अरेबियात स्पेनच्या सुपर कपचा उपान्त्य सामना होता त्याच दिवशी ही बातमी आली. फ्लिकने संघ कुणाच्या भरवशावर बसवायचा, हे वकिलांना विचारायचं की काय?

२०२५ च्या उन्हाळ्यात तर हद्द झाली. एस्पान्योलहून गोलरक्षक जोआन गार्सिया आणला. त्याच्या नोंदणीसाठी कप्तान टेर स्टेगनच्या पाठीच्या शस्त्रक्रियेचा उपयोग करायचा होता. टेर स्टेगन म्हणाला, मी तीन महिन्यांत परतेन. ती सवलत मिळवायला क्लबला चार महिन्यांहून जास्त हवे होते. त्याने वैद्यकीय अहवालाच्या कागदावर सही करायला नकार दिला तेव्हा त्याचं कप्तानपद काढून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सही झाल्यावर परत दिलं. हा प्रसंग मी दोनदा वाचला. आजारी रजेचा कालावधी कार्यालयाने ठरवायचा, ही युक्ती आपल्याकडच्या कुठल्या तालुका कचेरीलाही सुचली नसेल. विंगर नीको विल्यम्स येता येता राहिला आणि त्याने आपल्याच क्लबशी, अॅथलेटिक बिल्बाओशी, २०३५ पर्यंत करार केला. त्याच्या बाजूने नोंदणीची हमी मागितली होती आणि ती मिळेना, अशा बातम्या होत्या. मला त्याचं पटलं.

आमच्या कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम समोरासमोर आले की पेठा पेटतात. तिथेही खेळाडू इकडून तिकडे जातात, त्यावर चौकाचौकांत भांडणं होतात. पण सामन्याच्या सकाळी कोण खेळणार हे प्रशिक्षकाला ठाऊक असतं. जगातल्या सर्वांत श्रीमंत क्लबांपैकी एकाच्या प्रशिक्षकाला ते ठाऊक नसावं!

यावर उत्तर तयार आहे, आणि ते फालतू नाही. ‘अरे, पण जिंकले ना!’ हो, जिंकले. २०२२-२३ ची ला लीगा झावीने जिंकली. २०२४-२५ मध्ये फ्लिकच्या संघाने ला लीगा, कोपा देल रे आणि सुपर कप असे तिन्ही मायदेशी चषक घेतले. सुपर कपच्या अंतिम सामन्यात माद्रिदला ५-२ असं धुतलं. पहारी मारून आणलेला राफिन्या त्या वर्षी अफाट खेळला, लेव्हांडोव्स्कीने गोल केले. ‘उत्पन्न विकून टाकलं तरी चषक आला, चषक आला म्हणून चाहते आले, चाहते आले म्हणून उत्पन्न वाढलं’ अशी साखळी लापोर्तांचे समर्थक मांडतात. मी हे नाकारत नाही. उचल घेतलेल्या सगळ्याच माणसांचं वाटोळं होतं असं नाही.

पण त्या संघाकडे नीट बघा. लामिन यमाल, पाउ कुबार्सी, गावी, फेर्मिन, बाल्दे, कासादो. ही सगळी ला मासियाच्या, म्हणजे बार्साच्या युवा अकादमीच्या, अंगणातली पोरं. यमाल पंधराव्या वर्षी पहिला सामना खेळला, कुबार्सी सतराव्या वाढदिवसाआधी. ही पोरं दूरदृष्टीने पुढे आणली असं आता सांगितलं जातं. मला वाटतं, ती बरीचशी नाइलाजाने पुढे आली. पैसे असते तर यमालच्या जागेवर आणखी एक दहा कोटींचा विंगर आला असता आणि पोरगा कुठेतरी उसना दिला गेला असता. देम्बेले-कुतिन्योच्या काळात नेमकं तेच चाललं होतं. ज्या नियमाला शिव्या घातल्या त्याने विकत घेण्याची वाट अडवली, आणि म्हणून संघ घरातून उभा राहिला. युरोपात मात्र, पहारींच्या पहिल्याच वर्षी, बार्सा चॅम्पियन्स लीगच्या गटातच गारद झाला होता. तेव्हा तो महागडा संघ ताजा ताजा होता.

एक गोष्ट आपल्याकडे फार कुणी लक्षात घेतली नाही. स्पेनच्या जुन्या कायद्यानुसार अशा सभासदांच्या क्लबात निवडून आलेल्या संचालक मंडळाला बजेटच्या १५ टक्के रकमेची वैयक्तिक हमी द्यावी लागे. २०२१ मध्ये लापोर्तांच्या मंडळाला जवळपास १२ कोटी ५० लाखांची हमी उभी करताना घाम फुटला होता. २०२२ च्या अखेरीस आलेल्या नव्या क्रीडा कायद्याने ही अट काढली. हेतू चांगला असेल, गरीब पण लायक माणसाला निवडणूक लढवता यावी असा. परिणाम असा, की पुढच्या चेअरमनला तोटा झाला तरी त्याच्या घरावर टाच येणार नाही. ती अट परत आणावी असं मला वाटतं, हवं तर टक्का कमी करून.

आणि दुसरं म्हणजे पुढच्या वर्षांचं उत्पन्न विकून आलेला पैसा पगारात आणि खरेदीत घालायला सरळ बंदी हवी. कर्ज फेडा, स्टेडियम बांधा (त्याचंच १४५ कोटींचं वेगळं कर्ज आहे), ला मासियाला नवं वसतिगृह द्या. तिसरं मागणं प्रशिक्षकासाठी. सरावाला सुरुवात होते त्या जुलैच्या दिवशी त्याच्या हातात दोन लेखी गोष्टी हव्यात: नोंदणी झालेल्या खेळाडूंची यादी आणि खर्चाची मर्यादा. त्या यादीवर त्याला जोखा. त्यातून हरला तर खुशाल काढा, मी एक शब्द बोलणार नाही. आणि मर्यादा किती आहे हे त्याने पत्रकारांना सांगितलं तर ते शिस्तभंग धरू नका. सभासदांचा पैसा आहे, सभासदांना सांगितलं.

झावी आता गेला. फ्लिक शक्यतो हिशेबावर बोलत नाही, त्याने आधीच्यांचं पाहिलं असावं. सिक्स्थ स्ट्रीटला विकलेला टीव्हीचा पाव हिस्सा २५ वर्षं जाणार, म्हणजे २०४७ च्या आसपासपर्यंत. यमाल तेव्हा चाळिशीला टेकलेला असेल, कदाचित त्याच बाकावर प्रशिक्षक म्हणून बसलेला. समोरून कुणीतरी त्याला विचारेल, या उन्हाळ्यात नवा स्ट्रायकर का नाही आणला?